प्रश्न मराठीत आला, पण आपल्यापर्यंत पोचला का?

रक्ताची तपासणी, बीपी, शुगर यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो आहोत. आज अशा एका तपासणीबद्दल बोलायचं आहे जिला सुई लागत नाही आणि मशीनही लागत नाही. ती तपासणी म्हणजे प्रश्न. दवाखान्यात हातात देतात तो कागद, आशाताई ओट्यावर बसून भरून घेतात तो फॉर्म. "किती दुखतं?", "झोप लागते का?", "कामात मन लागतं का?" आपण उत्तरं देतो, कुणीतरी त्यांना गुण देतं, त्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर पुढचं ठरतं. डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही, औषध बदलायचं की तेच चालू ठेवायचं, सगळं.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो आमच्या एका गटातल्या काकूंमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांची कंबर धरली ती सुटेना. मुलगी त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथं व्यायाम शिकवण्याआधी एक मराठी छापील कागद भरून घेतला. काकूंना वाचता येत नाही, म्हणून मुलगीच वाचत गेली आणि खुणा करत गेली. खुर्चीत किती वेळ बसू शकता? काकू म्हणाल्या, कितीही वेळ. एक मैल चालता येतं का? मैल म्हणजे किती, ते काकूंना माहीत नव्हतं आणि मुलीलाही. तिनं अंदाजानं खूण केली. प्रवास करताना दुखतं का? काकू म्हणाल्या, "मी कुठं प्रवास करते माय?" अहो, या काकू दर आठवड्याला रिक्षात दाटीवाटीनं बसून जामनेरच्या बाजाराला येतात. पण त्यांच्या लेखी तो प्रवास नाही. प्रवास म्हणजे शेगाव, पंढरपूर.

बेरीज झाली आणि कागदावर निघालं, त्रास किरकोळ.

इकडं घरी काय परिस्थिती होती? चुलीपुढं बसून भाकरी थापता येत नव्हती. संडासला उकिडवं बसलं तर उठताना भिंत धरावी लागत होती. निंदणीला जाणं बंदच होतं. यातलं एकही त्या कागदात विचारलेलं नव्हतं. आणि खुर्ची? काकूंच्या घरात एकच प्लास्टिकची खुर्ची आहे, ती पाहुण्यांसाठी. खुर्चीत बसणं हा त्यांच्यासाठी आरामच. खुर्चीत दुखत नाही म्हणून तर त्या दवाखान्यात इतक्या शांत बसल्या होत्या. काकू खोटं बोलल्या नाहीत, मुलीनंही काही चुकीचं केलं नाही. तरी कागदावर जे उमटलं ते खरं नव्हतं.

आम्ही तो कागद मागून घेतला आणि त्याची माहिती काढायला बसलो. तेव्हा कळलं की असे प्रश्न कुणी सहज सुचले म्हणून लिहिलेले नसतात. कंबरदुखीसाठी जगभर वापरतात त्या एका प्रश्नावलीचं नाव ऑस्वेस्ट्री. ऑस्वेस्ट्री हे इंग्लंडमधलं, वेल्सच्या हद्दीजवळचं गाव. तिथं हाडांचं जुनं रुग्णालय आहे. जेरेमी फेअरबँक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० साली ही प्रश्नावली छापली. तिच्यात दहा विषय आहेत. दुखणं किती, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, नवरा-बायकोचे संबंध, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येक विषयाखाली सहा वाक्यं, शून्यापासून पाच गुणांची. सगळे मिळून ५० गुण, मग त्याचे टक्के काढायचे. २० टक्क्यांपर्यंत त्रास किरकोळ, ४० पर्यंत मध्यम, त्याच्या वर जास्त. उपचारानंतर पुन्हा तीच प्रश्नावली भरायची. साधारण १० टक्क्यांनी आकडा उतरला तर रुग्णाला खरोखर फरक पडला असं धरतात.

म्हणजे मूळ प्रश्न खुर्चीत बसणाऱ्या, मैल आणि यार्ड मोजणाऱ्या लोकांमध्ये तयार झाले. तिथं खुर्ची म्हणजे रोजचं बसणं. आपल्याकडे रोजचं बसणं म्हणजे मांडी, पाट, उकिडवं. शब्दाला शब्द ठेवून कुणी 'खुर्ची' लिहिलं तर भाषांतर बरोबर झालं, पण प्रश्न हरवला.

मग बरोबर कसं करायचं? याची एक रीत ठरलेली आहे. डोर्कस बीटन आणि इतरांनी २००० साली ती लिहून मांडली, आणि बहुतेक जण तिलाच धरून चालतात. आधी दोन माणसं वेगवेगळं भाषांतर करतात. त्यातल्या एकाला विषयाची माहिती असते, दुसऱ्याला मुद्दाम नसते, म्हणजे तो साध्या माणसासारखं लिहील. दोन्ही भाषांतरं समोर ठेवून एक पक्कं करायचं. मग ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा दोघांकडून ते मराठी पुन्हा इंग्रजीत आणायचं. याला उलट भाषांतर म्हणतात. उलट आणलेलं मुळाशी जुळलं नाही तर मध्ये कुठंतरी गळती आहे. त्यानंतर डॉक्टर, भाषेची जाणकार मंडळी आणि भाषांतर करणारे एकत्र बसून एकेक वाक्य तपासतात. आणि शेवटी तीस-चाळीस रुग्णांना ते देऊन विचारतात, तुम्हाला यातून काय समजलं?

आमच्या मते सगळ्यात मोलाची पायरी ही शेवटचीच आहे, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. उलट भाषांतरात 'खुर्ची' गाळणीतून सुखरूप पार होते. इंग्रजीत खुर्ची, मराठीत खुर्ची, परत इंग्रजीत खुर्ची. सगळं जुळलं! खुर्चीतली अडचण फक्त काकूच सांगू शकतात, आणि तेही त्यांना कुणी विचारलं तर.

एवढं होऊनही काम संपत नाही, कारण प्रश्नावली हा एक काटा आहे आणि काटा तपासून घ्यावा लागतो. आपण कापसाच्या गावातल्या बाया, आपल्याला काट्याचं वेगळं सांगायला नको. एकच गाठोडं काट्यावर दोनदा ठेवलं आणि एकदा वीस किलो, एकदा तेवीस किलो भरलं, तर तो काटा कामाचा नाही. प्रश्नावलीचंही तसंच. आज भरून घेतली, चार-आठ दिवसांनी दुखण्यात काहीच बदल नसताना पुन्हा भरून घेतली, तर उत्तर जवळपास तेच यायला हवं. पण तेवढ्यानं भागतं का? काटा दोन्ही वेळा अठराच दाखवेल आणि गाठोडं असेल वीसचं. दर वेळी सारखंच दाखवतो, पण दर वेळी दोन किलो मारतो. असा काटा आपल्यापैकी कित्येकींनी पाहिला असेल. म्हणून दुसरी तपासणी लागते. दुसऱ्या खात्रीच्या मापाशी ताडून पाहायचं. डॉक्टरांनी नीट तपासून जे ठरवलं, त्याच्याशी प्रश्नावलीचं उत्तर जुळतं का? आणि तिसरी गोष्ट, फरक कळतो का? जळगावच्या सोनाराच्या काट्यावर मासाभर सोनंही कळतं. तेच सोनं ट्रक तोलायच्या काट्यावर ठेवलं तर काटा हलणारसुद्धा नाही. रुग्णाला थोडंफार बरं वाटायला लागलं आहे हे जिच्यात दिसतच नाही, त्या प्रश्नावलीवर उपचाराचा गुण आला की नाही हे कसं ठरवणार?

मराठीत हे काम झालेलं नाही असं समजू नका. ऑस्वेस्ट्रीची मराठी आवृत्ती आपल्याच डॉक्टरांनी रुग्णांवर तपासली आणि ते काम २०१३ साली 'स्पाइन' या मणक्याच्या विषयाच्या नियतकालिकात छापून आलं. त्याच्या आधी, २००५ साली, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी युरोपातल्या दोन प्रश्नावल्या हिंदी-मराठीत आणून तपासल्या. त्यातली एक ३० प्रश्नांची, कुठल्याही कॅन्सरसाठी. दुसरी ३५ प्रश्नांची, खास तोंड-घशासाठी. तोंड उघडायला त्रास होतो का, तोंड कोरडं पडतं का, घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटतं का, अशी. हे शेवटचं वाचून आम्ही थोडा वेळ गप्प झालो. ऑपरेशन झालेलं माणूस पंगतीला बसायचं टाळतं हे आपण गावात पाहतो, पण त्याला 'आजाराचं माप' म्हणून कुणी विचारत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. गाठ गेली की डॉक्टरांच्या कागदावर ऑपरेशन यशस्वी. पण माणूस घरात कसं जगतं, ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

काकूंच्या हातात दिलेल्या कागदावर मात्र तो कुणी भाषांतर केला, कधी केला, काहीच नव्हतं. झेरॉक्सची झेरॉक्स. तपासलेली आवृत्ती उपलब्ध असताना न तपासलेली वापरात येते, ती अशी.

आणि तपासलेली असली तरी आमची एक शंका उरतेच. मराठी म्हणजे कुणाची मराठी? आपल्या जामनेर तालुक्यातच पाहा. कुणाच्या घरी तावडी, कुणाच्या घरी लेवा बोली, तांड्यावर गोरबोली. पश्चिमेकडे सरकलात की अहिराणी सुरू. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जे रुग्ण आले त्यांच्यावर तपासलेली मराठी, तांड्यावरच्या आजीला जशीच्या तशी पोचेल याची खात्री कोण देणार? भाषा तीच असली तरी माणसं बदलली की पुन्हा विचारून पाहिलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

मनाच्या दुखण्याचे प्रश्न तर याहून अवघड. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी आता दोन प्रश्न मनाबद्दल असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज तीनच्या वर गेली की पुढं उपकेंद्राच्या सीएचओंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. हे दोन प्रश्न नऊ प्रश्नांच्या एका मोठ्या प्रश्नावलीतून घेतले आहेत, तिचं नाव पीएचक्यू-९.

प्रश्न दोनच, पण विचारताना किती वाटा फुटतात ते आम्ही आमच्या बैठकीत पाहिलं. 'कामात रस वाटत नाही का' असं विचारलं तर एक आजी म्हणाल्या, "रस उन्हाळ्यात." सगळ्या हसल्या. मग शब्द बदलून विचारलं, 'कामाचा कंटाळा येतो का?' आता कुणी हसलं नाही, पण उत्तरही आलं नाही. कारण 'कंटाळा' म्हटलं की प्रश्न तब्येतीचा राहत नाही, चारित्र्याचा होतो. कोणती सून सासूसमोर म्हणेल, हो, मला कामाचा कंटाळा येतो? "कंटाळा करून कसं चालेल ताई, ढोरं उपाशी मरतील." हे उत्तर फॉर्मवर 'अजिबात नाही' असं जातं. त्याच बाईला मीटिंग संपल्यावर आम्ही विचारलं, "सणाला पुरणपोळी करता तेव्हा पहिल्यासारखं बरं वाटतं का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "करते, पण जीव नाही लागत."

'जीव लागत नाही', 'मन उडालं', 'डोक्यात विचार फिरतात', 'छातीत धडधड होते', 'हातापायातलं बळ गेलं'. आपल्या बाया मनाचं दुखणं असं सांगतात. बहुतेकदा ते अंगाच्या दुखण्याआडून येतं. 'खिन्न' हा शब्द आमच्या सतरा जणींच्या गटात दोघींनाच कळला. आणि असं फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत शोना भाषेत लोक म्हणतात 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. डॉ. विक्रम पटेल १९९० नंतरच्या काळात तिथं काम करत होते. त्यांनी आणि तिथल्या सोबत्यांनी इंग्रजी प्रश्न शोनात आणण्याऐवजी उलटी वाट धरली. लोक स्वतःच्या दुखण्याला कोणत्या शब्दांनी सांगतात ते गोळा करून त्यातूनच प्रश्नावली तयार केली.

पुढं गोव्यात पटेल यांच्याच गटानं प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर अशा पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. ते काम २००८ साली प्रसिद्ध झालं. पाचही बऱ्यापैकी चालल्या. पण एक गोष्ट लक्षात आली, ती प्रत्येक बाईला माहीत असायला हवी. गुण जास्त आले म्हणजे आजार आहेच असं होत नाही. चाळणीतून वर राहिलेल्यांत कितीतरी जण पुढं नीट बोलून पाहिल्यावर बरे निघतात. ही चाळणी आहे, निकाल नाही. फॉर्मवर गुण जास्त आले म्हणून गावात 'तिच्या डोक्यात काहीतरी आहे' असं पसरवणाऱ्या बाया आम्हाला माहीत आहेत. त्यांनी हा भाग जरूर ऐकावा.

'दोन आठवडे' हाही शब्द वाटतो तेवढा सोपा नाही. आठवडा म्हणजे आपल्याकडे बाजारही. 'मागचे दोन बाजार झाले तेव्हापासून' म्हटलं की लगेच समजतं. जुन्या बायांना 'पुनवेपासून अवसेपर्यंत' म्हटलेलं आणखी नेमकं कळतं, पंधरा दिवस.

आशाताईंच्या त्याच फॉर्मवर आणखीही प्रश्न आहेत आणि तिथं शब्दाची चूक जिवावर बेतू शकते. 'आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का?' हे घाईत 'व्यायाम करता का?' असं विचारलं जातं. दिवसभर कापूस वेचून, डोक्यावर भारा घेऊन आलेली बाई म्हणते, "नाही बाई, व्यायाम कुठला." तिच्या नावापुढं धोक्याचा गुण लागतो. हे एक वेळ चालेल, कारण जास्तीची तपासणी झाली तर नुकसान नाही. पण 'तंबाखू, गुटखा खाता का?' याला 'नाही' म्हणणारी बाई सकाळी उठून मिसरी लावत असेल तर? ती खोटं बोलत नाही. मिसरी कुणी खात नाही, ती लावतात. मिसरी तंबाखूचीच असते, आणि तोंडात बरी न होणारी जखम, तोंड उघडायला त्रास हे त्याच फॉर्मवरचे पुढचे प्रश्न आहेत.

तसंच 'योनीमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव होतो का?' चारचौघींत, पुस्तकी शब्दांत, भराभर वाचून. उत्तर 'नाही'. त्याच बाईला बाजूला नेऊन विचारा, "अंगावरून जातं का? वास येतो का? पाळी गेल्यावर पुन्हा कधी डाग दिसला का?" उत्तर बदलतं. कधी कधी ती 'अशक्तपणा आहे' एवढंच म्हणते, त्यातच सगळं सांगितलेलं असतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडतो की उशिरा, हे अशा एका शब्दावर अडतं. आमच्या ओळखीच्या आशाताई हे शब्द आपोआप बदलून विचारतात. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं. गावात राहून आलेलं शहाणपण आहे ते. फक्त एक अडचण आहे. प्रत्येक आशाताईनं आपापले शब्द वापरले तर एका गावाचे आकडे दुसऱ्या गावाशी जुळत नाहीत. हे शब्द गोळा करून, तपासून, फॉर्मवरच छापले तर बरं, असं आम्हाला वाटतं. त्यासाठी बैठकीला बोलावलं तर आमचे गट तयार आहेत.

एक गंमत सांगतो. 'झोप लागत नाही का?' या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर त्याचा अर्थ काय? हो, लागत नाही. आणि 'नाही' म्हटलं तर? नाही, लागत नाही. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच, पण फॉर्मवर खूण दोन वेगळ्या ठिकाणी पडते. म्हणून प्रश्नात 'नाही' नको. 'झोप कशी लागते?' असं विचारावं.

आता आकड्यांकडे. 'शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं, तुमचं किती?' शाळेत गेलेलीला हे सोपं. ज्या कधी पट्टीवरची रेघही वाचल्या नाहीत त्यांना हा प्रश्न कोड्यासारखा वाटतो. त्या म्हणतात, "दुखतं म्हणजे दुखतं, त्याले आकडा काय?" पण याच बाया दवाखान्यातून आल्यावर काय सांगतात? "बारा आणे फरक आहे." "चार आणे राहिलं." रुपयाचे सोळा आणे बाजारातून केव्हाच गेले, दुखण्याच्या मापात अजून चालतात. 'रुपयात किती आणे बरं वाटतं' हा प्रश्न आम्ही विचारून पाहिला, सत्तरीच्या आजीनं क्षणात उत्तर दिलं. पंचविशीतली सून मात्र आमच्याकडे पाहत राहिली, तिला शंभरात सांगितलेलं कळलं. एकाच घरात दोन मापं लागली.

या आकड्यांच्या बाबतीत नेपाळचं काम आम्हाला फार जवळचं वाटलं. डोंगरातली शेती, पाठीवर डोक्याच्या पट्ट्यानं ओझं नेणं, जमिनीवर बसणं, आणि पुष्कळ मोठ्या माणसांना वाचता न येणं. परिस्थिती आपल्यासारखीच. तिथल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१७ साली शून्य ते दहाची दुखण्याची मोजपट्टी आणि 'उपचार सुरू केल्यापासून किती फरक पडला' हा प्रश्न, दोन्ही नेपाळीत आणून रुग्णांवर तपासले. २०१८ साली त्यांनी आणखी एक प्रश्नावली तपासली. ती मूळची कॅनडाची, १९९५ सालची. तिच्यात खुर्ची नाही, मैल नाही, सुटकेस नाही. तिच्यात कामांची यादीच नाही. रुग्णालाच विचारायचं, या दुखण्यामुळे तुम्हाला कोणती कामं करता येत नाहीत किंवा अवघड जातात, ती तुम्हीच सांगा. पाचपर्यंत कामं लिहून घ्यायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. पुढच्या खेपेला तीच कामं पुन्हा विचारायची. इंग्लंडचा माणूस बागकाम सांगेल, काठमांडूचा जिना चढणं सांगेल, आपल्या काकू भाकरी सांगतील. प्रश्न तोच राहतो, काम ज्याचं त्याचं.

काकूंसाठी आम्ही हेच केलं. हा उपचार नव्हे आणि आम्ही डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगतो. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सांगितली ती तीन कामं लिहिली. चुलीपुढं बसून पाच भाकरी. संडासहून आधाराशिवाय उठणं. निंदणीची एक ओळ पूर्ण करणं. मुलीनं पुढच्या खेपेला ते पान दवाखान्यात दाखवलं. तिथल्या मॅडमनी ते नीट वाचलं आणि व्यायाम बदलून दिले, उकिडवं बसून उठण्याचेही दिले. कागद भरताना हे कुणी विचारलं नव्हतं, पण सांगितल्यावर ऐकलं. ही गोष्टही सांगायलाच हवी.

तुम्हालाही कधी असा फॉर्म भरायची वेळ येईल. तेव्हा प्रश्न कळला नाही तर अंदाजानं उत्तर देऊ नका, "समजलं नाही, दुसऱ्या शब्दांत सांगा" म्हणा. त्यात लाज वाटायचं कारण नाही. समजणारा प्रश्न विचारणं हे विचारणाऱ्याचं काम आहे. उत्तर तुमचं तुम्ही द्या. नवरा किंवा मुलगा शेजारून "तिला काही नाही, चांगली जेवते" असं सांगत असेल तर त्याला बाहेर चहा प्यायला पाठवा. एखादा प्रश्न सांगण्यासारखा वाटला नाही, जसा त्या कंबरेच्या कागदातला नवरा-बायकोचा, तर तो रिकामा सोडा, खोटं भरू नका. रिकाम्या प्रश्नाचा हिशोब त्यांना करता येतो, बाकीच्या नऊ विषयांचे ४५ पैकी गुण धरतात. "चाललंय" हे उत्तर शेजारणीला ठीक आहे, फॉर्मवर नको. दोन बाजारांपूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही, ते कामाचं नाव घेऊन सांगा.

काकूंच्या वहीतल्या पानावर तारखा घातल्या आहेत. पहिल्या दिवशी भाकरीपुढं दोन लिहिलं होतं, परवाच्या मीटिंगला त्या म्हणाल्या, सात लिहा. संडासच्या कामाला आठ. निंदणीला अजून तीनच आहे. पुढच्या खेपेला मुलगी ते पान पुन्हा सोबत नेणार आहे.